बंब जिथं होता तिथं

धाराशिवमधल्या जुन्या घरांच्या मागच्या अंगणात भिंतीचा एखादा तुकडा अजून काळपट दिसतो. दर दिवाळीला चुना फासला तरी पुढच्या पावसाळ्यानंतर काळं पुन्हा वर येतं. तिथं तांब्याचा बंब असायचा. त्याच्या मधल्या उभ्या नळीत गोवऱ्या, तुराट्या, शेंगांची टरफलं पेटवायची. भोवतीचं पाणी तापलं की तोटी सोडून घंगाळात ऊन पाणी घ्यायचं, आणि जेवढं काढलं तेवढं गार पाणी वरून ओतून ठेवायचं.

आमच्या घरी बंब गेला आणि गॅसचा गीझर आला तो भारनियमनाच्या वर्षांत. २००५ नंतरच्या त्या काळात मराठवाड्यात वीज कधी जाईल याचं वेळापत्रक लोकांना पाठ असे. विजेचा गीझर घेऊन पहाटे करायचं काय? मग सिलिंडरवर चालणारी ही पांढरी पेटी घरोघर भिंतीवर चढली. काडी नको, फुंकणी नको, धूर तर नाहीच. तोटी उघडली की ‘टक-टक-टक’, मग ‘भक्क’, आणि ऊन पाणी.

यंदा ती पेटी बदलायची वेळ आली. मला वाटलं होतं, चार स्क्रू काढायचे आणि नवी पेटी टांगायची, तासाभराचं काम. प्रत्यक्षात पेटी टांगणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग निघाला. गीझरकडे तीन वाटा येतात: पाण्याची, गॅसची आणि हवेची. पेटी बदलायच्या निमित्तानं या तिन्ही वाटा तपासून घ्यायच्या असतात. पाण्याची वाट चुकली तर गळती होते आणि गॅसची चुकली तर वास येतो. हवेची वाट चुकली तर मात्र काहीच कळत नाही, म्हणून तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची.

पेटीच्या आत काय चालतं

गॅस गीझरमध्ये पाणी साठत नाही, ते वाहता वाहता तापतं. गार पाणी आत शिरतं तिथं पितळी डबीत एक रबरी पडदा असतो. पाणी वाहू लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पडदा एका बाजूला सरकतो. त्याला टेकलेली बारीक पिन पुढे ढकलली जाते, ती गॅसचा रस्ता मोकळा करते आणि एक छोटा स्विचही दाबते. स्विच दाबला की दोन मोठ्या सेलच्या जोरावर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. ज्योतीत डोकावणारी एक धातूची काडी ज्योत लागल्याची खात्री करत असते. काही सेकंदांत ज्योत लागली नाही किंवा मधेच विझली, तर ती गॅस बंद करायला लावते.

बर्नरच्या वर तांब्याचा डबा असतो. त्याला पातळ पात्यांची दाट रांग आणि भोवती वळसे घातलेली तांब्याची नळी असते. ज्योतीची धग पात्या शोषतात आणि नळीतल्या पाण्याला देतात. बंबाचंच तत्त्व हे, फक्त उलटं केलेलं. बंबात आग नळीत असे आणि पाणी भोवती. इथं पाणी नळीत आहे आणि आग बाहेर.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर दर मिनिटाला १५० किलोकॅलरी उष्णता पाण्यात उतरली पाहिजे. थोडी धग वाया जाते हे धरून पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे एक किलो गॅस जळतो. २० लिटरच्या बादलीला साधारण ५५ ग्रॅम लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या आसपास बादल्या निघतात. घरात चार माणसं रोज एकेक बादली घेत असतील, तर एक सिलिंडर दोन महिन्यांपेक्षा थोडा जास्त जातो. हा हिशेब मांडला की सौर हीटर बरा की विजेचा की गॅसचाच, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

दुरुस्त करायचा की बदलायचा

गीझर पेटेनासा झाला की तो म्हातारा झाला असं समजू नये. आधी सेल बदलून पाहावेत, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. मग पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून धुवावी. आपल्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही. आलं की टाकी भरून घ्यायची, उन्हाळ्यात बोअर किंवा टँकर. टाकीच्या तळाशी गाळ बसतो आणि तोच या जाळीत अडकतो. रबरी पडदा कडक झाला किंवा फाटला असेल तर तोही बदलून मिळतो. इथपर्यंतचं सगळं दुरुस्तीत मोडतं.

एक लक्षण मात्र तातडीचं समजावं. तोटी बंद केल्यावरही ज्योत चालू राहिली, तर पिन अडकली आहे. न वाहणारं पाणी नळीत उकळतं आणि नळी फुटू शकते. असा गीझर दुरुस्त होईपर्यंत त्याचा रेग्युलेटर बंदच ठेवावा.

तांब्याची नळी झिरपू लागली, सांध्यांवर हिरवट थर आला, पात्या काजळीनं भरल्या, बर्नरच्या पट्ट्या गंजल्या, की गीझर बदलावा. आमचं गाडं इथं अडलं होतं. ज्योत निळी राहिली नव्हती, टोकाला पिवळी झाली होती आणि झाकणाच्या आतून काजळी हाताला लागत होती.

काजळीच्या जोडीला पाण्याचाही त्रास होता. धाराशिव काळ्या बेसॉल्टच्या पठारावर वसलं आहे. भेगांमधून झिरपत खाली जाणारं पाणी खडकातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन बोअरमध्ये येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. असं पाणी तापलं की त्यातला विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो आणि नळीच्या आत चुन्याचा पांढरा थर बसतो. तांब्यातून उष्णता झरझर जाते, या थरातून रेंगाळते. मग पाणी पुरेसं तापत नाही, म्हणून आपण गॅस वाढवतो, आणि धातू जास्त तापून लवकर झिजतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरे ओघळ उमटतात, अशा घरात वर्षातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं नळी धुवून घेतली तर गीझरचं आयुष्य वाढतं. आम्ही हे कधी केलं नव्हतं.

पाण्याची वाट

नवा गीझर आणण्यापूर्वी टाकीची उंची मोजावी. टाकीतल्या पाण्याची पातळी गीझरपेक्षा एक मीटर वर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलो दाब मिळतो. पडदा सरकायला अनेक गीझरना ०.२ ते ०.३ किलोच्या आसपास दाब लागतो, म्हणजे पाणी दोन-तीन मीटर वर हवं. स्लॅबवर टाकी थेट बसवलेली असेल आणि गीझर त्याच स्लॅबखालच्या मजल्यावर असेल, तर नवाकोरा गीझरही पेटत नाही, आणि दुकानदाराशी उगाच वाद होतो. अशा घरात टाकी लोखंडी घोड्यावर किंवा विटांच्या ओट्यावर उचलावी लागते. विकत घेताना पुस्तिकेतला किमान दाबाचा आकडा पाहावा. एलपीजीच्या छोट्या घरगुती गीझरसाठीचं भारतीय मानक आहे आयएस १५५५८, तो क्रमांक आणि आयएसआयचा शिक्का पेटीवर शोधावा.

गार, गरम आणि गॅस या तीन तोंडांचा क्रम प्रत्येक मॉडेलला सारखा नसतो. जुन्या गीझरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा आणि तोंडांमधलं अंतर टेपनं मोजावं. पाण्याची तोंडं बहुधा अर्धा इंची असतात.

काढताना आधी गॅस. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढावा, सिलिंडरला टोपी लावून तो उघड्यावर न्यावा. मग टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून खालची तोटी सोडावी आणि पाईप रिकामा होऊ द्यावा. नट सोडवताना दोन पाने लागतात, एकानं गीझरचं निपल घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं जोर लावला तर आतली तांब्याची नळीच पिळली जाते.

खरी परीक्षा भिंतीतल्या जुन्या जीआय पाईपची. बाहेरून धडधाकट दिसणारा अर्धा इंची पाईप आतून क्षार आणि गंजानं भरून पेन्सिलीएवढा उरलेला असतो. लोखंड, तांबं आणि पाणी एकत्र आले की लोखंड झिजतं. पाईपवरचा जस्ताचा मुलामा आधी जातो, मग लोखंडाची पाळी. म्हणून तांबं आणि जीआय थेट जोडू नयेत, मधे पितळी फिटिंग घ्यावं. जुना एल्बो हलत नसेल तर आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडावं आणि सकाळी हातोडीनं भोवती हलके ठोके द्यावेत. पान्याला लांब पाईप लावून हिसका देण्याचा मोह टाळावा. भिंतीत एल्बो मोडला तर टाइल फोडावी लागते, आणि त्या रंगाची टाइल आता बाजारात मिळत नसते.

आमच्या मिस्त्रींनी पाईप ठोकून आवाज ऐकला आणि जुन्या लाईनला हात लावायचाच नाही असं ठरवलं. भिंतीवरून उघड्यानं सीपीव्हीसीची नवी लाईन टाकली. दिसायला जरा कमी, पण गळती झाली तर डोळ्यांसमोर. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच घ्यावा, तो ९३ अंशांपर्यंत टिकतो. साधा पांढरा पीव्हीसी ६० च्या पुढे मऊ पडून वाकतो. पाईप काटकोनात कापायचा, कडेचा कीस काढायचा, सोल्युशन पाईपला आणि फिटिंगला दोन्हीकडे लावायचं, आत ढकलताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. नाहीतर पाईप हळूच मागे सरकतो. आटे असलेल्या जागी पितळ बसवलेलं फिटिंग वापरायचं, प्लास्टिकचे आटे धातूवर आवळले की तडकतात.

पूर्वी आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा फासत. आता टेफ्लॉन टेप असते. पाईपचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना ती चोळामोळा होऊन बाहेर येते. लवचीक कनेक्शन पाईपच्या नटात रबरी वायसर असतो. तिथं टेप लागत नाही, पाणी वायसर अडवतो. अशा नटावर टेपचे थर चढवून आवळला की वायसर कापला जातो, आणि माणूस म्हणतो, एवढी टेप लावली तरी गळतंय!

गीझर जोडण्याआधी लाईन एकदा बादलीत वाहू द्यावी. आमच्या बादलीत गंजाचा चुरा आणि सीपीव्हीसीचा कीस निघाला. हे सगळं नव्या गीझरच्या जाळीत गेलं असतं. गार पाण्याच्या बाजूला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह ठेवावा, म्हणजे पुढे जाळी धुवायला सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही.

गॅसची वाट

या वाटेवरचं काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्यावं. आपल्याला काय पाहायचं ते मात्र ठाऊक असावं. रबरी पाईप ‘सुरक्षा’ प्रकारचा, आयएस ९५७३ चा असावा. त्यावर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी तो बदलायचा, बाहेरून चांगला दिसला तरी. लांबी दीड मीटरच्या आत ठेवावी आणि पाईप गरम पाण्याच्या नळाला टेकू देऊ नये. सिलिंडर लांब असेल तर रबरी पाईप जोडत जाऊ नये, धातूची पक्की लाईन करून घ्यावी. शेगडीच्या पाईपला मधेच कापून ‘टी’ टाकायचा आणि गीझर चालवायचा, हा जुगाड बऱ्याच घरांत दिसतो. एकेक सांधा म्हणजे गळतीची एकेक जागा. रेग्युलेटरही घरगुती, कमी दाबाचाच हवा. हॉटेलच्या भट्टीचा रेग्युलेटर लावून ज्योत ‘जोरात’ करणं म्हणजे काजळीला आमंत्रण.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली बसतो आणि मोरीच्या दिशेनं सरकतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात, जिन्याखालच्या बंद कोनाड्यात किंवा बाथरूममध्ये ठेवू नये. जोडणी झाल्यावर साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला लावावा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी ओढून पाहणारे महाभाग अजून भेटतात, त्यांना हात जोडावेत आणि बाहेर काढावं. वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात आणि १९०६ या एलपीजी मदत क्रमांकावर फोन करावा.

हवेची वाट

आता सर्वांत महत्त्वाचं. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आपलं बाथरूम असतं चार बाय सहा फुटांचं, उंची आठ फूट. त्यात जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. दार बंद, खिडकीला थंडीमुळे पुठ्ठा लावलेला, आणि आत गीझर पूर्ण ज्योतीवर. त्या खोलीतली सगळी हवा जळायची म्हटली तरी अर्धा तास पुरणार नाही. तिथवर जायचीही गरज नसते. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून थोडा उतरला, की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. गॅसला मुद्दाम घातलेला वास जळताना निघून जातो, त्यामुळे नाक काहीच सांगत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. आंघोळ करणाऱ्याला वाटतं, गरम पाण्यानं गुंगी आली. कडी काढायला हात उठेपर्यंत शुद्ध हरपलेली असते. बाथरूममध्ये असे बेशुद्ध पडलेले रुग्ण इतके आले, की भारतातल्या डॉक्टरांनी त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच दिलं. कुणी हाकेला ओ देत नसेल तर दार तोडावं, माणसाला मोकळ्या हवेत आणावं आणि १०८ ला फोन करावा.

जळलेली हवा खोलीतच राहण्याचा हा दोष आजचा नाही. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसानं गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं. आइसलँडमधल्या उसळत्या गरम पाण्याच्या झऱ्याचं नाव त्यानं त्याला दिलं: गीझर. मॉनच्या यंत्रात धूर बाहेर न्यायला धुराडंच नव्हतं. दीडशे वर्षं उलटली, यंत्र आटोपशीर झालं, ठिणगी आपोआप पडू लागली, पण आपल्या बाजारातल्या बहुतेक छोट्या गॅस गीझरना धुराडं आजही नाही.

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पंखा हवा बाहेर फेकतो, पण ताजी हवा आत यायला वाट नसेल तर त्याचा जोर चालत नाही आणि जळलेली हवा खोलीतच राहते. खाली दाराला जाळी आणि वर उघडा झरोका हे किमान. पण बरा उपाय एकच: गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप.

पहिली ज्योत

नवा गीझर आम्ही मागच्या अंगणात टांगला, पावसापासून आडोसा म्हणून वर पत्र्याचं छोटं छप्पर. भिंतीतून सीपीव्हीसीची एकच नळी बाथरूममध्ये गेली. गार होऊ नये म्हणून तिच्यावर फोमचं वेष्टण चढवलं. बर्नरची खिडकी डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर पेटी घेतली, रोज ज्योतीचा रंग दिसावा म्हणून.

आधी गॅसशिवाय दहा मिनिटं पाणी सोडलं. एकही थेंब गळला नाही. मग गॅस, मग साबणाचा फेस, मग सेल. तोटी उघडल्यावर ज्योत निळी लागली, तोटी बंद करताच विझली. तीनदा करून पाहिलं, तीनही वेळा विझली. ही परीक्षा पास झाल्याशिवाय मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी बांधली नाही.

पेटीसाठी भिंतीवर जागा शोधताना मिस्त्रींनी बोट दाखवलं ती जागा काळपट होती. बंबाची. वारा तिथून खेळतो, पाणी सांडलं तर मोरीकडे जातं, आणि बाथरूम भिंतीपलीकडेच. बंबाला अंगणात बसवायचं कुणी शिकवलं नव्हतं, धुरानं डोळे चुरचुरले म्हणून तो बाहेर गेला. गीझरला धूर नव्हता, म्हणून आपण त्याला बिनधास्त आत घेतलं. आता तो बंबाच्या जागी गेला आहे. त्या काळ्या डागाला यंदा चुना लावला नाही.